रद्दीतून परतलेली चित्रं

वर्तमानपत्राचं आयुष्य ते किती? सकाळी हातात, दुपारी फडताळात अंथरलेलं आणि महिनाअखेर रद्दीवाल्याच्या तागडीत. मग शंभर वर्षांपूर्वीच्या पुरवण्यांतली चित्रं आज नव्याकोऱ्या पुस्तकांत येतात तरी कुठून?

एक उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९०५ रोजी 'न्यूयॉर्क हेरल्ड' या पत्रात विन्झर मॅके याची 'लिटल निमो इन स्लंबरलँड' ही रंगीत चित्रमालिका सुरू झाली. निमो नावाचा पोरगा दर रविवारी स्वप्नात भटकून येतो आणि शेवटच्या चौकटीत बिछान्यावर जागा होतो. गोष्ट एवढीच; पण चित्रं अशी की डोळे निवावेत!

तुम्ही म्हणाल, चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र मिळालं की झालं. मेख इथंच आहे. मूळ चित्र असे काळ्या शाईचं. कुठे कोणता रंग हवा ते चित्रकार सांगे, आणि छापखान्यातले कारागीर पिवळ्या, तांबड्या, निळ्या रंगांचे निरनिराळे ठसे करून ते कागदावर उतरवीत. म्हणजे पुरं रंगीत चित्र होतं ते छापील पानावरच. रद्दी हीच अस्सल प्रत!

आणि हीच प्रत जाऊ लागली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांनी जागेपायी जुने अंक मायक्रोफिल्मवर घेतले आणि कागद काढून टाकले. फिल्म काळी-पांढरी, तेव्हा रंगांची वाट लागली. बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या गृहस्थाने असले टाकाऊ गठ्ठे सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरी रचून ठेवले. १९९८ साली हा संग्रह ओहायओ स्टेट विद्यापीठाकडे गेला, तेव्हा त्याचं वजन भरलं सुमारे ७५ टन! घरच्या जमिनीचं काय झालं असेल, देव जाणे.

आता दुरुस्ती. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेड-हवेने पिवळं पडतं, आणि कागद पापडासारखा मोडतो. पानाच्या पाठीशी काळा कागद ठेवून स्कॅनरवर त्याची प्रतिमा घेतात, म्हणजे मागचा मजकूर पुढे डोकावत नाही. मग संगणकावर डाग, घडीच्या रेघा एकेक करून काढायच्या. फाटला कोपरा दुसऱ्या प्रतीवरून सांधायचा.

पण थांबायचं कुठे? कागद अगदी पांढराशुभ्र केला की चित्र बिघडतं. ते रंग मळकट, खरबरीत कागद गृहीत धरूनच योजलेले. गुळगुळीत कागदावर ते बटबटीत दिसतात. एखादा ठसा केसभर सरकून निमोच्या गालाचा रंग गालाबाहेर गेलेला असतो. तो आत ढकलावा का? थोडा ढकलावा, असं मी म्हणेन. पण सगळीच पानं घोटून काढली तर त्या छापखान्याचा हातच पुसला जाईल.

२००५ साली पीटर मरेस्का यांनी निमोची निवडक पानं मूळ आकारात, म्हणजे १६ बाय २१ इंचांत पुन्हा छापली. पुस्तक मांडीवर मावत नाही. जमिनीवर पालथं पडून वाचावं लागतं. फुग्यांतली अक्षरं मॅकेने स्वतःच दाटीवाटीने कोंबलेली आहेत. ती सरळ करण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये.