दोन अक्षरांची अदलाबदल

2015 च्या सप्टेंबरात ओएनजीसीने गुजरातेतल्या हजिऱ्याहून सौदी अरेबियाच्या आरामको कंपनीला नाफ्था पाठवला. माल गेला, पैसे काही आले नाहीत. विचारणा केल्यावर उलगडा झाला. आरामकोने पैसे भरले होते, पण ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशा मेलवर विश्वास ठेवून भलत्याच खात्यात. त्या मेलच्या पत्त्यात ‘ओएनजीसी’मधल्या एन आणि जी या दोन अक्षरांची तेवढी अदलाबदल केलेली होती. रक्कम होती सुमारे 197 कोटी रुपये. गुन्हा मुंबई पोलिसांकडे दाखल झाला.

एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर निलंग्याच्या मोंढ्यात तूर-सोयाबीनची आडत चालवणाऱ्याने किंवा लातूरच्या एमआयडीसीतल्या डाळमिलवाल्याने काय करावे? भाव व्हॉट्सॲपवर कळतो, सौदा फोनवर ठरतो, हे खरे. पण जीएसटीची नोटीस, बँकेचे पत्र, विम्याचे कागद, टेंडरचा खुलासा आणि परराज्यातल्या बड्या खरेदीदाराची ऑर्डर येते ती मेलवरच. त्या मेलची राखण करणारी बहुतेक साधने फुकट मिळतात. अडते ते इतकेच, की ती आहेत हे कुणी सांगत नाही आणि बसवून देणारा सगळी बसवतोच असे नाही.

मेलची मूळ व्यवस्था फार भाबडी आहे. जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये तिचे नियम लिहिले, तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचेही नाव लिहावे आणि सर्व्हरने ते निमूटपणे पोचवावे, अशी ही रचना. पुढे जे जे जोडले गेले, ते या भाबडेपणावरचे उपाय आहेत.

पहिले तीन उपाय म्हणजे डोमेनच्या नोंदीत भरायच्या काही ओळी. एसपीएफ सांगते, की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणकोणत्या सर्व्हरना आहे. डीकेआयएम प्रत्येक मेलवर छुपी सही करते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. डीमार्क सांगते, की या दोन्ही परीक्षांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे: येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की दारातूनच परत पाठवायचा. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने (गुगलच्या हिशेबाने रोज सुमारे पाच हजार किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केले. छोट्या पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतेच.

घोटाळा नेमका कुठे होतो, ते पाहण्याजोगे आहे. ऑफिसातले मेल एका सर्व्हरवरून जातात, पण बिले बिलिंगचे सॉफ्टवेअर परस्पर दुसऱ्याच सर्व्हरवरून पाठवते. एसपीएफच्या ओळीत त्या दुसऱ्या सर्व्हरचे नाव नसले, की बिल खरेदीदाराच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. इकडे मुनीमजी ‘मेल केलाय साहेब’ म्हणतात, तिकडे ‘आला नाही’ म्हणतात, आणि पंधरा दिवस उधारी लांबते. म्हणून डीमार्क आधी नुसते पाहणीवर ठेवावे. आपल्या नावाने कुठून कुठून मेल गेले याचे अहवाल मोठ्या मेलसेवा रोज पाठवतात. ते नुसत्या डोळ्यांनी वाचवत नाहीत, पण त्यांचे सोपे तक्ते करून देणारी साधने फुकट उपलब्ध आहेत. महिनाभर ते तक्ते बघून मगच नियम कडक करावा.

तरीही ओएनजीसीसारखी फसवणूक या तिघांनी थांबत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. उलटसुलट अक्षरांचे डोमेन चोराचे स्वतःचेच असते; त्यावर तो तिन्ही ओळी रीतसर भरू शकतो. तिथे कामाला येते ती बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलवर ठळक पट्टी लावणारी सोय. या पत्त्यावरून प्रथमच मेल येतो आहे, असा इशाराही काही मेलसेवा देतात. आणि खाते बदलल्याचा मेल आला, की मेलमधला नव्हे, आपल्या वहीतला जुना नंबर फिरवून माणसाशी बोलायचे. त्याला अजून तरी कुठल्याही सॉफ्टवेअरचा पर्याय नाही. पैसे गेलेच तर 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवण्याची संधी सुरुवातीच्या काही तासांतच असते.

स्पॅम गाळणाऱ्या साधनांत स्पॅमअसॅसिन जुनेजाणते. जस्टिन मेसन यांनी 2001 मध्ये ते आणले. ते प्रत्येक मेलला गुण देते. बेरीज पाचावर गेली की मेल संशयित. त्याला भाषा ओळखणारी एक जोड आहे आणि तिला येणाऱ्या भाषांत मराठीही आहे. मात्र सर्व्हर बसवणाऱ्याने स्वीकारायच्या भाषांत एकट्या इंग्रजीचेच नाव घातले असेल, तर निलंग्याच्या सोसायटीचे शुद्ध मराठी पत्र केवळ मराठी म्हणून वाढीव गुण घेऊन बसते. त्या ओळीत मराठी आणि हिंदीची नावे घालणे हे मिनिटभराचे काम. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सर्व्हरवर ते झालेच पाहिजे. शिवाय गाळणीला शिकवताही येते: चांगली मराठी पत्रे एका फोल्डरात, टाकाऊ दुसऱ्यात ठेवून ती तिला वाचायला दिली, की तिची पारख सुधारते.

ग्रेलिस्टिंगची युक्ती निराळी. अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने ये’ म्हणून परत लावायचे. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅम ओतणारे बरेच जण येत नाहीत. युक्ती नामी, पण टेंडर भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी मेलवर येणारा ओटीपीही तसाच अडकतो आणि पोचेपर्यंत बाद होतो. बँका आणि सरकारी पोर्टल यांना आधीच सूट देऊन ठेवावी.

वेबमेलमध्ये राउंडक्यूब भारतातल्या होस्टिंगवर सर्रास दिसते. त्याचा चेहरा मराठीत करता येतो, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्याची सर्वांत उपयोगी जोड म्हणजे मॅनेजसिव्ह. विषयात ‘टेंडर’ असेल तर या फोल्डरात, बँकेचा असेल तर त्या फोल्डरात, असे नियम तिने लावता येतात. नियम सर्व्हरवरच चालतात, त्यामुळे इकडे लाइट गेली आणि संगणक बंद असला तरी कामे होत राहतात. हीच यादी अधूनमधून उघडून तपासावी. चोराला पासवर्ड सापडला, की तो ‘पेमेंट’ शब्द असलेला प्रत्येक मेल स्वतःकडे वळवणारा नियम गुपचूप घालून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी नियम चालूच राहतो. पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरचा दुसरा कोड मागणारी जोडही राउंडक्यूबला लावता येते. आणि अपडेट टाळू नये. जून 2025 मध्ये राउंडक्यूबमधली एक गंभीर खोट दुरुस्त झाली, ती सुमारे दहा वर्षे तशीच पडून होती. एका खात्याचा पासवर्ड मिळाला, तर तिच्या आधारे सर्व्हरच ताब्यात घेता येत होता.

जुने मेल जपण्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात. प्रत्यक्षात कर्मचारी नोकरी सोडतो, त्याचे खाते पुसले जाते आणि खरेदीदाराशी झालेला सगळा पत्रव्यवहार त्यासोबत जातो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत वेगळी ठेवणारी साधने आहेत. पायलर हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. पुण्याच्या मिथी कंपनीची व्हॉल्टास्टिक ही सेवा तेच काम क्लाउडवर करते. जुन्या होस्टिंगवरून नव्याकडे जाताना आयमॅपसिंक फोल्डरांसकट सगळे मेल हलवते. मध्येच तुटले तर पुन्हा चालवावे. ते आधी आलेले मेल सहसा दुबार आणत नाही.

देवनागरीतल्या पत्त्यांचे काम मात्र अजून अर्धे आहे. ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट 2014 मध्ये खुले झाले, जीमेलने त्याच महिन्यात अशा पत्त्यांशी देवाणघेवाण सुरू केली आणि पोस्टफिक्स या लोकप्रिय सर्व्हरने 2015 मध्ये. राजस्थान सरकारने तर 2017 मध्ये नागरिकांसाठी हिंदी पत्त्यांची सोय जाहीर केली. पण कितीतरी वेबसाइटींचे फॉर्म आजही देवनागरी पत्ता चुकीचा म्हणून परत करतात. निलंग्यातल्या एखाद्या उत्पादक कंपनीने मराठी पत्ता जरूर घ्यावा, छापील पावतीवरही टाकावा, आणि त्याच टपालपेटीला एक रोमन पत्ता उपनाव म्हणून जोडून ठेवावा. कुठल्याही पत्त्यावर लिहिले तरी मेल एकाच ठिकाणी येतो.