कुणाला सांगू नका

लातूरचे माझे एक स्नेही, माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय वर्षे एकाहत्तर, दुधाच्या हिशेबातला एका दिवसाचा खाडादेखील महिनाअखेरीपर्यंत स्मरणात ठेवणारे गृहस्थ, गेल्या हिवाळ्यात स्वतःच्याच घरातील निजण्याच्या खोलीत, आतून कडी घालून, दोन दिवस अटकेत होते. अटक करणारा इसम कोठे बसला होता, याचा थांगपत्ता अद्याप कोणालाही लागलेला नाही. मोबाईलच्या पडद्यावर खाकी गणवेश, पाठीमागे राजमुद्रा आणि बोलण्यात कमालीचा अदब एवढा सरंजाम घेऊन तो अवतरला. ‘तुमच्या आधार क्रमांकावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे, तुमच्या नावे वॉरंट निघाले आहे, चौकशी पूर्ण होईपर्यंत कॅमेरा बंद करावयाचा नाही आणि ही बाब अत्यंत गोपनीय असल्याने घरात कुणाला सांगू नका’, असा हुकूम त्याने सोडला. आमच्या मुख्याध्यापकांनी तो फोन इसबगोलाच्या डब्याला टेकवून उभा केला व त्याच्या नजरेसमोर ते जेवले, बसले, निजले. सून चहा घेऊन आली, तिला त्यांनी तळहातानेच परत जाण्याची खूण केली. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत जाऊन निवृत्तीच्या रकमेतील मोठा हिस्सा त्यांनी सांगितलेल्या खात्यावर वर्ग केला. खिडकीवरच्या मुलीने सहज विचारले, तेव्हा ‘घराचे काम काढले आहे’ असे उत्तर दिले. आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेले हे पहिले असत्य, आणि तेही परभारे. संध्याकाळचे फिरणे लागोपाठ दोन दिवस चुकले, तेव्हा सुनेला संशय आला. तिने दार ठोठावले, फोन हिसकावून घेतला आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक फिरवला.

या फसवणुकीचे मला नवल वाटले नाही. ‘डिजिटल अटक’ नावाचा कोणताही प्रकार कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना आकाशवाणीवरून देशाला सांगावे लागले होते. मनाला जे लागले ते निराळेच. अटक म्हणजे काय, ती कोणी, कशी आणि कोणासमक्ष करावयाची असते, हे ज्यांनी अर्ध्या लातूर जिल्ह्याला शिकवले, त्यांत हे गृहस्थ होते आणि त्यांच्या शेजारी मी होतो.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा ही तिन्ही जुनी पुस्तके एकाच मध्यरात्री रद्दबातल झाली. ३०२ ची १०३ झाली, १४४ ची १६३, आणि ज्या दफेने भाषेला एक अख्खे विशेषण दिले ती ४२० कलम ३१८ च्या एका पोटात जाऊन बसली. त्या सुमारास ‘दीडशे वर्षांचे जोखड गेले’ अशा आशयाचे मथळे आमच्याकडील पत्रांनीही छापले. ते छापणाऱ्यांना आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत याचे भान असते, तर त्यांनी निदान हिशेब तरी बरोबर केला असता. नांदेड, लातूर, उस्मानाबाद हा सारा मुलूख निजामाचा. येथे इंग्रजांची दंड संहिता १८६० साली आलीच नाही. ती आली १ एप्रिल १९५१ रोजी, ‘ब’ वर्ग राज्यांना मध्यवर्ती कायदे लागू झाले तेव्हा, स्वतंत्र भारताच्या संसदेच्या हुकुमाने. आमचे जोखड, जोखडच म्हणावयाचे तर, त्र्याहत्तर वर्षांचे होते.

त्यापूर्वीच्या काळाविषयी वडील बोलत, ते बहुधा ‘अमीन’ या एका शब्दात. अमीन म्हणजे त्या अमदानीतला फौजदार. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की माणसे ओट्यावरून उठून घरात जात, एवढेच कायद्याचे ज्ञान त्यांना होते आणि तेवढे पुरतही असे. फिर्याद उर्दूत लिहिली जाई, फिर्यादी मराठीत रडे. सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, १९८१ साली औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आल्याने अपिलासाठी मुंबईची वारी सुटली आणि १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. या घटनांवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, ते ज्यांना वाचावयाचे त्यांनी वाचावे. नांदेडच्या माझ्या पिढीतील माणसाला मात्र मध्ये १९७८ साल ओलांडून जाता येत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या ऑगस्टात आमच्या जिल्ह्यातील टेंभुर्णी गावी पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. वस्त्या जळत असताना दफांची पुस्तके सर्व ठाण्यांत शाबूत होती. नागरिकाची सुरक्षितता आणि त्याचा कायदेशीर हक्क या दोन वस्तूंमध्ये केवढे अंतर असू शकते, याचा पहिला पाठ मला त्या महिन्यात मिळाला.

नोकरीच्या निमित्ताने मी १९८९ च्या सुमारास लातूरला आलो व पुढील बारा वर्षे तेथे राहिलो. ज्या दशकाविषयी मला खरोखर काही सांगावयाचे आहे ते हेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे नुकती कुठे निजली असताना, किल्लारीची धरणी हलली. त्या विनाशाचे वर्णन मी करीत नाही. त्यानंतर जे कागदांचे राज्य आले, ते मात्र फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्या माणसांनी जन्मात तलाठ्यापलीकडे सरकार पाहिले नव्हते, त्यांच्यासमोर एकाएकी पंचनामा, वारस दाखला, शपथपत्र, सातबारा, अज्ञान मुलाचा पालक हे सारे शब्द येऊन उभे राहिले, आणि एकेका शब्दामागे पैसा होता. मदत वारसाच्या नावे निघे. वारस विधवा असे, पोरके मूल असे, आणि ज्या घरात कधी कोणी फिरकले नव्हते तेथे दूरचे चुलते पालक म्हणून दाखल होत.

औसा तालुक्यातील एका गावाच्या पत्र्याच्या शेडांत आम्ही शिक्षक मंडळी अर्ज लिहून देण्यास बसत असू. तेथे एक तरुण विधवा आली. चुलतदिराने कोऱ्या मुद्रांकावर तिचा अंगठा घेतला होता. बोटाला शाई अजून होती, आणि ते बोट ती पदराने पुन्हा पुन्हा पुशीत होती. ‘गुर्जी, म्या आंगठा दिला, आता काय हुतंय?’ असे तिने विचारले. त्या वेळी मी जे सांगावयास हवे होते ते असे: कोऱ्या कागदावर अंगठा घेणे हा फसवणुकीचा उद्योग आहे, आत्ताच्या आत्ता ठाण्यात चल, मी सोबत येतो. मी सांगितले ते असे: भावकीत बसून मिटवून घ्या. मी तरुण होतो, परगावचा होतो, तिच्या दिराची गावात चलती होती. ही कारणे आज लिहितानादेखील मला हलकी वाटतात. पुढल्या दिवाळीनंतर ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्याचे कानावर आले.

त्या अपराधाच्या टोचणीने म्हणा, पुढे कायदेविषयक शिबिरांत मी ओढला गेलो. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा नोव्हेंबर १९९५ मध्ये अमलात आला, आणि कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, ही गोष्ट गावोगाव सांगण्यास माणसे हवी होती. (ती आजही बहुतेक स्त्रियांना ठाऊक नाही, हे जाता जाता नमूद करतो.) १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणाचा निकाल दिला. पश्चिम बंगालमधील विधी सहाय्याच्या कामातील या गृहस्थांनी कोठडीतील मृत्यूंविषयी १९८६ साली सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले होते, त्याचे उत्तर दहा वर्षांनी अकरा कलमांत आले. अटक करणाऱ्याच्या छातीवर त्याचे नाव स्पष्ट हवे. अटकेचा मेमो जागेवरच, वेळ-तारखेसह व्हावा, त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातील प्रतिष्ठित माणसाची साक्ष असावी. अटकेची खबर नातेवाइकाला अथवा मित्राला दिली जावी. दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. आणि ही सारी कलमे प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावलेली असावीत. एका ठाण्यात तो फलक मी पाहिला. मुद्देमालाच्या कपाटाच्या मागे होता, नि पहिल्या अडीच ओळींपलीकडे वाचता येत नव्हता.

मारुतीच्या सभामंडपात, भजन आटोपल्यावर, आम्ही या निकालाचे सोंग काढीत असू. मी फौजदार होई, अंगावर शाळेच्या स्काउटचा खाकी सदरा. आणि मुख्याध्यापक, तेव्हा ते साधे शिक्षक होते, आरोपी होत. मी त्यांचा दंड धरून ओढू लागलो की ते पाय रोवून मंडपाकडे वळत आणि खणखणीत स्वरात विचारीत, ‘माझ्या घरी निरोप कोण देणार?’ बायका हसत, पोरे ‘मी! मी!’ म्हणून ओरडत. औसा, निलंगा, चाकूर, एकदोनदा नांदेडकडचे मुखेड, देगलूर, एवढ्या गावांत हे वाक्य आम्ही नेले. लोक अकरा कलमे विसरले असतील, ते वाक्य विसरले नाहीत. एका आठवडी बाजारात पोलिसाने पकडलेल्या पोराने तेच ओरडून विचारल्याचे आणि भोवती चाळीस माणसे जमल्याचे आम्हांस एका कंडक्टरने मोठ्या कौतुकाने सांगितले होते.

त्यानंतरची वर्षे मला कंटाळवाणी वाटतात. माहितीचा अधिकार आला, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले. कायदे वाढले, आमची शिबिरे मात्र आटली. त्यांतही १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेविषयी माझा राग अजून निवलेला नाही. बांधाच्या भांडणांत तिने भले केले असेल, ते मी नाकारीत नाही. परंतु गावाला बक्षीस मिळावे म्हणून मारहाण झालेल्या सुनेला चावडीवर बसवून तिच्याकडून ‘आपसांत मिटले’ असे लिहून घेताना मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या दिवशी अध्यक्षांच्या मुखी जे वाक्य होते ते शब्दशः माझेच, औशाच्या शेडातले होते.

नव्या संहितांवर मी तुटून पडणार नाही. हद्दीचे निमित्त सांगून फिर्याद नाकारता येत नाही, ती संगणकावरून पाठवून तीन दिवसांत सही करता येते, फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, साठीपुढच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्याच्या घरीच यावे लागते. या तजविजी उत्तम आहेत. मात्र पूर्वी अर्ज द्यावयाचा तर माणूस दोन प्रती घेऊन, शेजाऱ्याला सोबत घेऊन, बारनिशीत जाऊन शिक्क्यानिशी पोच घेई आणि परतताना अर्ध्या गल्लीला हकीकत कळलेली असे. ती तसदी गेली, आणि तिच्याबरोबर शेजारीही गेला. आज लातुरात शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या हजारो पोरापोरींना ११२ हा मदतीचा क्रमांक पाठ आहे. पण शेजारच्या खोलीत कोण राहते हे विचारा.

हे सारे मी मुख्याध्यापकांच्या ओसरीवर त्यांना सुनावले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘खऱ्या अटकेत पहिलं काय, तर घरी कळवायचं. तो पहिल्याच वाक्यात म्हणाला, कुणाला सांगू नका. तिथंच मला ओळखू यायला हवा होता. मला ते वाक्य आठवलंच नाही रे. मला वाटलं, सुनेला कळलं तर काय म्हणेल.’

वाचकहो, पडद्यावर असा कोणी खाकीवाला आलाच, तर १९३० फिरवण्याआधी घरात मोठ्याने हाक मारा.

रकमेपैकी काही भाग सुनेच्या चपळाईमुळे वाटेतच गोठवला गेला. तो सोडवून घेण्याचा अर्ज न्यायालयात आहे, आणि दोन वेळा तारीख पडली तेव्हा ते एकटेच जाऊन मागच्या बाकावर बसून आले. येत्या तारखेस मी नांदेडहून पहाटेच्या एस. टी. ने निघून त्यांच्याबरोबर जाणार आहे.