खिंडीतली लढाई आणि बडोद्याचा ज्ञानकोश

ऐतिहासिक युद्धपटांच्या मालिकेत पुढचा चित्रपट अधिक भव्य झाला की तो सरस ठरला, असं आपण मानतो. खरी कसोटी वेगळी आहे: नव्या चित्रपटातली लढाई जशीच्या तशी जुन्यात खपली असती का? त्सुई हार्क यांच्या १९९१ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’मध्ये कुंग फूचे गुरू वोंग फेइ-हुंग परदेशी बंदुकांसमोर उभे होते. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात त्यांची गाठ पडते ती आपल्याच देशातल्या, मंत्राने गोळी लागत नाही असं सांगणाऱ्या पंथाशी. प्रश्न बदलला, म्हणून झुंजही बदलली. डॉनी येन यांचा अधिकारी तर पीळ दिलेल्या ओल्या कापडाने लढतो. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा उजवा ठरतो तो यामुळे.

आपल्याकडे दिग्पाल लांजेकरांची शिवकालीन मालिका याच कसोटीला लावावी. ‘फर्जंद’मध्ये (२०१८) १६७३ चा पन्हाळा, ‘फत्तेशिकस्त’मध्ये (२०१९) १६६३ चा लाल महाल आणि ‘पावनखिंड’मध्ये (२०२२) १६६० ची घोडखिंड, काळ उलटा सरकतो, त्यामुळे कथेचा धागा चित्रपटांना फारसा बांधत नाही. प्रत्येकाला वेगळेपण द्यायचं ते रणभूमीने. जुलैचा पाऊस, रात्रभराची विशाळगडाकडची धाव आणि दमलेली माणसं यांमुळे ‘पावनखिंड’ मला तिघांत सर्वांत सकस वाटतो. पण खिंडीत प्रत्यक्ष हातघाई सुरू झाली की संथ गतीतले वार शौर्य दाखवतात, जागेची अडचण मात्र पुरेशी दाखवत नाहीत.

त्या काळचं लढणं आज कोणाला ठाऊक, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर बडोद्यात आहे. तिथल्या जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी वाढवली, आणि द. चिं. मुजुमदारांनी याच शहरातून १९३६ ते १९४९ या काळात मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. लाठी, बोथाटी, फरीगदगा यांसारख्या विद्या त्यामुळे ग्रंथात आल्या. हा सतराव्या शतकाचा साक्षीपुरावा नव्हे, हे मान्य; पण शस्त्र शरीराकडून काय मागतं, हे आखाडाच सांगू शकतो.

प्रेक्षक भक्तिभावाने येतात, त्यांना तंत्राशी काय देणंघेणं, असंही म्हटलं जातं. माझ्या मते तंत्रानेच तो भाव गहिरा होईल. घोडखिंड लढवणारे लोकमानसातले बाजीप्रभू दोन्ही हातांत पट्टे घेऊन उभे असतात. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या आवरणात, मनगट अडकतं, म्हणून वार कोपरातून आणि खांद्यातून फिरतो आणि त्याला भोवती मोकळी जागा लागते. अरुंद खिंडीत ती द्यायची तर सोबत्यांना दोन पावलं मागे राहावं लागेल. ती मोकळी जागा पडद्यावर दिसली असती, तर बाजींचं एकट्याने पुढे उभं राहणं कोणत्याही संवादाविना प्रेक्षकाला कळलं असतं.