डेटनचा खटला

शिक्षकानें वर्गांत काय सांगावें, हें कोणी ठरवावयाचें? पालकांनीं, विद्वानांनीं, कीं कायदेमंडळानें? श्रोतेहो, हा प्रश्न १९२५ सालीं अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांतील डेटन या लहानशा गांवीं न्यायासनापुढें आला.

त्या वर्षींच्या मार्चमध्यें टेनेसींत एक कायदा झाला. बायबलांतील ईश्वरी निर्मितीची कथा नाकारून मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असें सरकारी शाळेंत शिकविणें, हा त्यानें गुन्हा ठरला. दंड १०० ते ५०० डॉलर. मौज अशी कीं, त्याच संस्थानानें मंजूर केलेल्या, हंटर यांच्या जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत उत्क्रांतिवाद होताच! पुस्तक शिकवावें तर कायदा मोडतो, न शिकवावें तर नेमलेला अभ्यास राहतो. इकडे आड, तिकडे विहीर.

जो शिक्षक या कायद्याची कसोटी पाहण्यास पुढें येईल त्याचा बचाव आपण करूं, असें न्यूयॉर्कच्या एका नागरिक-स्वातंत्र्य संघानें जाहीर केलें. डेटनच्या कांहीं गृहस्थांनीं औषधांच्या दुकानांत बसून बेत रचला. गांवाचा बोलबाला व्हावा, हाहि त्यांत हेतु होताच. जॉन स्कोप्स हा चोवीस वर्षांचा शिक्षक तेथें शास्त्र शिकवी व मुलांचा फूटबॉलचा संघ तयार करी. तो आरोपी होण्यास कबूल झाला. तो धडा आपण खरोखर घेतला होता कीं नाहीं, याची मात्र त्याला स्वतःलाहि खात्री नव्हती!

१० जुलैस खटला सुरू झाला. फिर्यादीतर्फे विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे होते. अध्यक्षपदाच्या निवडणुकींत तीनदां उभे राहून तीनदां हरलेले, पण वक्तृत्वानें देश गाजविलेले. आरोपीतर्फे शिकागोचे क्लॅरेन्स डॅरो. शिकागोच्या एका नभोवाणी केंद्रानें कामकाज थेट ध्वनिक्षेपित केल्यामुळें दूरदूरच्या घरांतून लोकांनीं तें ऐकलें. ब्रायन यांस केवळ हट्टी म्हणून हंसणें न्यायाचें होणार नाहीं. शाळेचा खर्च जी जनता सोसते तिला अभ्यासक्रमाविषयीं बोलण्याचा अधिकार आहे, हा त्यांचा मुद्दा आजहि सहज खोडतां येत नाहीं. पण बहुमतानें शाळेचा खर्च मंजूर होतो, पृथ्वीचें वय ठरत नाहीं.

शास्त्रज्ञांची साक्ष ज्यूरीपुढें होऊं देण्यास न्यायाधीशांनीं नकार दिला. तेव्हां २० जुलैस, न्यायालयाबाहेरच्या हिरवळीवर, डॅरो यांनीं खुद्द ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीस बोलाविलें. सृष्टीच्या निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच होते काय, असा प्रश्न आला. ते दीर्घ कालखंडहि असूं शकतील, असें ब्रायन यांनीं मान्य केलें आणि शब्दशः अर्थाचा आग्रह तेथेंच ढिला पडला. दुसऱ्या दिवशीं न्यायाधीशांनीं ती साक्ष कामांतून काढून टाकली. वरिष्ठ न्यायालयाकडे जातां यावें म्हणून डॅरो यांनीं स्वतःच दोषी ठरविण्याची विनंति केली. ज्यूरीला नऊ मिनिटें लागलीं. दंड १०० डॉलर. पांच दिवसांनीं ब्रायन डेटनमध्येंच वारले.

१९२७ सालीं वरिष्ठ न्यायालयानें शिक्षा रद्द केली, पण कारण निराळें! ५० डॉलरांहून अधिक दंड ज्यूरीनें ठरवावयाचा, तो येथें न्यायाधीशांनीं ठरविला होता. कायदा मात्र कायम राहिला. हंटर यांच्या पुस्तकाच्या १९२६ च्या नव्या आवृत्तींतून उत्क्रांति हा शब्दच गळाला. स्कोप्स शिकागो विद्यापीठांत भूगर्भशास्त्र शिकावयास गेला. डेटनच्या शाळेंत परतला नाहीं. कायदा रद्द होण्यास १९६७ साल उजाडावें लागलें.