पासवर्ड खरा, तरी नकार

उमरेडसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे दुकानदाराच्या हिशेबाच्या प्रोग्रामपासून महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या प्रकल्पापर्यंत संगणकाने आपण होऊन ईमेल धाडावा अशी अपेक्षा आता सर्रास बाळगली जाते, तेथे एक फिर्याद कानी पडल्यावाचून महिना जात नाही: “पासवर्ड तं बरोबर आहे ना जी, मोबाइलवर जीमेल उघडून राहिलं, म्हणजे सर्व्हरच बिघडला असन.”

सर्व्हर बिघडलेला नसतो. प्रोग्रामाने ईमेल धाडू पाहताच पडद्यावर ‘५३५ ५.७.८’ हा संकेतांक उमटतो, तोच त्याच्या प्रकृतिस्वास्थ्याचा दाखला होय. कारण २००७ सालच्या ‘आरएफसी ४९५४’ या मानकानुसार त्याचा अर्थ, सादर केलेली ओळखपत्रे अग्राह्य आहेत, एवढाच होतो, आणि मृत सर्व्हर असला खुलासा करीत बसत नाही. ब्राउझरातून आत जाणारा मनुष्य पासवर्डाखेरीज मोबाइलवरील पुष्टीही देऊ शकतो. प्रोग्राम ती देऊ शकत नाही, म्हणूनच केवळ पासवर्डावर त्याला प्रवेश देण्याची मुभा गूगलने वैयक्तिक खात्यांपुरती ३० मे २०२२ पासून काढून घेतली. तरीही जुने व्हिडिओ पाहून ‘लेस सिक्युअर ॲप्स’ नावाची कळ शोधत बसणारे आजही भेटतात, आणि ती नाहीशी झाली आहे हे सांगितल्यावर सांगणाऱ्याकडेच संशयाने पाहतात!

उपाय दोन. एक ओऑथची रीतसर परवानगी. दुसरा, लहान कामास पुरेसा, ‘ॲप पासवर्ड’. खात्याची द्विस्तरीय पडताळणी चालू केल्यावर मिळणारी ही सोळा अक्षरे म्हणजे मालकाने कारकुनास लिहून दिलेले मुखत्यारपत्रच: धन्याची सही न देता काम चालते, आणि वाटेल तेव्हा ते रद्दही करता येते. मात्र खात्याचा मूळ पासवर्ड बदलताच गूगल ही सर्व मुखत्यारपत्रे आपोआप रद्द करते. ‘काल चालत होते, आज बंद पडले’ या गूढाचा उलगडा बहुधा येथेच होतो.

उरलेल्या समजुती थोडक्यात. पोर्ट ५८७ ऐवजी ४६५ केल्याने ५३५ जात नाही. पोर्ट चुकले असते तर संभाषण पासवर्डापर्यंत पोहोचलेच नसते. फायरवॉल आडवा आला तर ५३५चा नकार मिळत नाही, प्रोग्राम बहुधा उत्तराची वाट पाहत तिष्ठत राहतो. एसपीएफ आणि डीकेआयएम यांचा संबंध प्रेषकाच्या डोमेनच्या खरेपणाशी आहे, तुमच्या लॉगिनशी नाही.

आणि पासवर्ड ज्या बेस-६४ लिपीत धाडला जातो, ती म्हणजे कूटलेखन नव्हे. ती कोणासही क्षणार्धात उलगडता येते, गुप्तता राखते ती टीएलएस. पायथनच्या ‘एसएमटीपीलिब’मध्ये डीबगची पातळी १ केली की सारे संभाषण पडद्यावर येते, त्यातील ‘ऑथ’ची अगम्य ओळ निरुपद्रवी समजून मंडळी तिच्यासकट चित्र व्हॉट्सॲप गटावर मदतीसाठी टाकतात. असे झाले असल्यास तो पासवर्ड तत्काळ रद्द करून नवा घ्यावा.