स्त्रियांची केसगळती : शब्द, व्याधी आणि उपचार

स्त्रियांच्या केसगळतीचा विचार सामान्यतः वैद्यकाच्या कक्षेत केला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, रुग्ण स्त्री डॉक्टरांपुढे प्रथम ठेवते ती आपली वाक्ये, आणि निदानाचा आरंभ त्या वाक्यांपासूनच होतो. जालना औद्योगिक वसाहतीच्या परिसरात कामावर जाणाऱ्या स्त्रियांच्या तोंडून या विषयी जी वाक्ये कानी पडतात, ती लक्षपूर्वक ऐकली असता एक गोष्ट ध्यानात येते : ‘केस गळतात’ या एका तक्रारीच्या पोटात निदान चार निरनिराळ्या क्रिया आहेत. त्यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम केसाचे जीवन पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस साधारणपणे दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोनतीन आठवडे त्याचे मूळ आक्रसते, सुमारे तीन महिने तो विश्रांत राहतो आणि शेवटी गळून नव्या केसाला जागा देतो. कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. रोज ५० ते १०० केस गळणे हा निसर्गक्रमच होय.

आता क्रियापदांकडे वळू. ‘न्हाताना केस पुंजक्यांनी हातात येतात’ असे एखादी स्त्री सांगते तेव्हा केस मुळासकट गळत असतात. बाळंतपण, विषमज्वरासारखा दीर्घ ताप, मोठी शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार यांच्या धक्क्याने पुष्कळसे केस एकदम विश्रांत अवस्थेत जातात आणि दोनतीन महिन्यांनी गळू लागतात. कारण व परिणाम यांत असे अंतर पडल्यामुळे रुग्णेला मूळ कारण आठवत नाही आणि दोष नव्या साबणाला किंवा पाण्याला दिला जातो. वस्तुतः ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. मात्र रक्तातील लोह आणि थायरॉइड ग्रंथीचे कार्य तपासून घेणे अगत्याचे असते.

‘भांग रुंद झाला’ हे वाक्य निराळे आहे. येथे केस ‘गळण्या’पेक्षा ‘विरळ होतात’. आनुवंशिकतेमुळे केशमुळे लहान होत जातात आणि केस वर्षानुवर्षे बारीक होत जातो. पुरुषांत कपाळापासून केस मागे हटतात; स्त्रियांत कपाळावरची रेषा बहुधा टिकते व विरळपणा भांगापाशी दिसतो. लुडविग यांनी १९७७ साली याच्या तीन पायऱ्या वर्णिल्या. यावर मिनॉक्सिडिल हे लावण्याचे औषध प्रमुख आहे. अमेरिकेत स्त्रियांसाठी त्याला १९९१ साली मान्यता मिळाली. त्याचा गुण दिसण्यास चारसहा महिने लागतात, आरंभी गळती किंचित वाढतेही, आणि औषध सोडल्यास मिळालेला लाभ टिकत नाही. हे आधी सांगितले नाही, तर अनेक स्त्रिया दुसऱ्या महिन्यातच उपचार सोडून देतात. गर्भारपणात हे औषध वापरू नये.

‘चाई पडली’ म्हणजे गोल, गुळगुळीत डाग पडला. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच केशमुळांवर उलटल्याने हे होते. संस्कृत वैद्यकात ‘इंद्रलुप्त’ आणि ‘खालित्य’ या संज्ञा सुश्रुतापासून आढळतात. पाश्चात्त्य संज्ञा ‘अलोपेशिया’ ही कोल्ह्याच्या ग्रीक नावावरून, त्याच्या लूत भरलेल्या अंगावरून आली आहे. लहान डाग पुष्कळदा आपोआप भरतात. इतरांना स्टेरॉइडची सूक्ष्म इंजेक्शने देतात. गंभीर रूपासाठी २०२२ साली अमेरिकेत बॅरिसिटिनिब या गोळीस मान्यता मिळाली.

चौथे क्रियापद ‘तुटणे’. केस मधूनच तुटतो तेव्हा मूळ शाबूत असते. खोबरेल तेलाने केसातील प्रथिनांची हानी कमी होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे आजीबाईंच्या तेलाचा उपयोग तुटण्यावर आहे, गळण्यावर नाही. उलटपक्षी, घट्ट अंबाडा किंवा जड गंगावन यांनी मुळांवर सतत ताण पडतो. विरळपणा झाकण्यासाठी घातलेले गंगावनच अशा रीतीने विरळपणा वाढवू शकते. हा ताण वर्षानुवर्षे राहिला तर मुळे कायमची नष्ट होतात.

येथवर भाषा उपकारक ठरली. परंतु तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. केस गेलेल्या पुरुषास मराठीत ‘टकल्या’ म्हणतात. शब्द चेष्टेचा, पण मित्रांत खपणारा. त्याचे स्त्रीलिंगी रूप सिद्ध करता येते, परंतु ते तितके रूढ नाही. कारण ती जागा ‘बोडकी’ या शब्दाने अगोदरच घेतली होती. ‘बोडका’ पुरुष म्हणजे केवळ डोक्यावर काही न घातलेला. ‘बोडकी’ स्त्री म्हणजे केशवपन केलेली विधवा, आणि पुढे एक शिवी. तिचे केस गळत नसत, ते उतरविले जात. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला. ती रूढी गेली. परंतु केस नसलेल्या स्त्रीभोवतीची अशुभाची छाया शब्दासोबत मागे राहिली. आजार म्हणून सांगण्याजोगी गोष्ट स्त्रिया पदराखाली झाकतात आणि उपचाराला उशिरा येतात, याचे एक कारण येथे आहे, असे मला वाटते.

याचा प्रत्यय जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात आला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगावच्या परिसरातील अठरा गावांत २७९ जणांचे केस, पुष्कळांचे तर तीनचार दिवसांतच, गेले. त्यात स्त्रिया व महाविद्यालयीन मुलीही होत्या. काही मुलींची शिक्षणे थांबली, ठरलेली लग्ने मोडली. प्रथम संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. ‘टक्कल व्हायरस’ हा शब्दही प्रचारात आला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि स्वस्त धान्य दुकानातील गहू तपासून सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे घटलेले असल्याचा निष्कर्ष मांडला. म्हणजे येथे संसर्ग नव्हताच. तथापि ‘व्हायरस’ या एका शब्दाने रुग्णांना शेजाऱ्यांच्या दृष्टीने स्पर्शास अयोग्य ठरविण्याची वाट मोकळी केली. चुकीच्या नावाने रोग बरा होत नाही. रोगी मात्र एकटा पडतो.

तेव्हा उपचाराची पहिली पायरी म्हणजे नेमके सांगणे व नेमके ऐकणे. केस गळतात, विरळ होतात, तुटतात की चाई पडली, हे स्त्रीने सांगावे. मागील तीन महिन्यांत काय घडले, हे डॉक्टरांनी विचारावे. बायोटिनच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्याची उणीव नसल्यास त्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही, उलट त्यांमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. आणि ज्यांचे केस परत येणार नाहीत, त्यांच्यासाठी टोप आहे, ओढणी आहे, मोकळे डोकेही आहे. त्यांपैकी काय निवडावे हे त्या स्त्रीनेच ठरवावे. तिला हाक मारण्यासाठी तिचे नाव पुरेसे आहे. आणखी विशेषणाची गरज नाही.