तहकुबी, तगाई आणि सूट

1918 साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी सरकारशी जो लढा दिला, त्यातील मागणी सारा माफ करण्याची नव्हती. पीक चार आण्यांच्या आत आले असल्याने त्या वर्षाची वसुली तहकूब ठेवावी, एवढीच होती. मुंबई इलाख्याच्या महसूल-व्यवहारात तहकुबी ही एक गोष्ट होती आणि सूट ही सर्वस्वी दुसरी. तहकूब झालेला सारा पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढत असे, सूट मिळालेला कायमचा जात असे, आणि तगाई म्हणून हाती पडणारी रक्कम हे मदतीच्या नावाने आलेले कर्जच असे. 2020 च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे देशाचे व्यवहार एकाएकी थांबले, तेव्हा केंद्राने व राज्यांनी ज्या सवलती जाहीर केल्या त्यांची छाननी या जुन्या भेदाच्या आधारेच करावी असे मला वाटते; कारण जाहीर झालेला एकूण आकडा कितीही मोठा असला, तरी त्यात तहकुबी किती, तगाई किती आणि निखळ मदत किती, यावरच माणसाच्या घरातील चूल पेटणे अवलंबून असते.

टाळेबंदी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 26 मार्च रोजी, केंद्र सरकारने 1 लाख 70 हजार कोटी रुपयांची योजना मांडली. तीत सुमारे 80 कोटी लोकांना तीन महिने दरमहा माणशी 5 किलो धान्य मोफत, आणि सुमारे 20 कोटी जनधन खातेदार स्त्रियांना तेवढ्याच मुदतीत दरमहा 500 रुपये देण्याचे ठरले. धान्याची ही मदत खरी होती आणि तिने असंख्य कुटुंबांना तारले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण मे महिन्यात जे 20 लाख कोटींचे, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्क्यांचे साहाय्य घोषित झाले, त्यात रिझर्व्ह बँकेने बँकांना उपलब्ध करून दिलेला पैसाही मोजला होता. लघुउद्योगांसाठीचे 3 लाख कोटी हे सरकारच्या हमीवर बँकांनी द्यावयाचे कर्ज होते, आणि पथारीवाल्यांना मिळालेले 10 हजार रुपयेही कर्जच. कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत स्थगिती मिळाली, परंतु व्याज चालूच राहिले. विवरणपत्रांच्या मुदती पुढे गेल्या. पगार सोडून इतर अनेक देण्यांवर उगमस्थानी होणाऱ्या करकपातीचे दर 31 मार्च 2021 पर्यंत चतुर्थांशाने उतरले, पण मूळ कर तेवढाच राहिला. ज्याचे उत्पन्न केवळ लांबणीवर पडले आहे त्याला तहकुबी उपकारक ठरते. ज्याचे उत्पन्न बुडालेच, त्याच्यापुढे ती पुढच्या वर्षी दुप्पट देणे उभे करते.

कायमची सूट मिळालीच नाही असे नव्हे. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 पासून चार महिने घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क मुंबईसारख्या शहरांत 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले. बांधकामाला त्याने चालना मिळाली, हे निर्विवाद. परंतु ही सूट त्यालाच लाभली, ज्याच्यापाशी त्या वर्षीही घर घेण्याइतकी ऐपत होती. जो कर भरतो त्यालाच करातून सवलत देता येते. ज्याच्यापाशी कर आकारण्याजोगे उत्पन्नच नाही, त्याच्यापर्यंत रोख पैशानेच पोहोचावे लागते.

आणि येथेच खरी अडचण उभी राहते. 13 एप्रिल 2021 रोजी, दुसऱ्या लाटेत निर्बंध लावतानाच, महाराष्ट्र सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी 1500 रुपये देण्याची घोषणा केली. निर्बंध आणि मदत एकाच भाषणात जाहीर व्हावेत हे मला फार योग्य वाटते. पण घोषणेतील ‘नोंदणीकृत’ आणि ‘परवानाधारक’ हे शब्द नीट पाहावेत. परवाना एकाच्या नावे असतो, आणि ती रिक्षा पुष्कळदा दुसराच कोणी रोजच्या भाड्याने चालवतो. गिऱ्हाईक नसले तरी भाड्याचा तगादा त्याच्यामागे राहतो, मदत मात्र परवान्याच्या मालकाकडे जाते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे नाव घरेलू कामगार मंडळाच्या यादीत असेलच असे नाही, कारण साथ येईपर्यंत ते तेथे असावे अशी निकड कोणालाच भासली नव्हती.

कर आणि साथ यांचा संबंध त्याच वसंतात अत्यंत क्लेशदायक रीतीने लोकांच्या प्रत्ययास आला. रुग्णालयांत प्राणवायू मिळेना, तेव्हा परदेशस्थ मुले आणि नातलग ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी पाठवू लागले. पण वैयक्तिक वापरासाठी भेटीदाखल आलेल्या त्या यंत्रावरही प्रथम 28 टक्के, आणि 1 मेपासून 12 टक्के कर भरावा लागे. दिल्लीतील एका वयोवृद्ध रुग्णाने न्यायालयात दाद मागितली, आणि 21 मे रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही आकारणी घटनाबाह्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने 1 जूनला त्या निर्णयास स्थगिती दिली. अखेरीस वस्तू व सेवा कर परिषदेने 12 जूनच्या बैठकीत कॉन्सन्ट्रेटरवर 5 टक्के, रुग्णवाहिकेवर 28 ऐवजी 12 टक्के, असे दर सप्टेंबरअखेरपर्यंत ठरवले. तोवर दुसऱ्या लाटेचा भर ओसरला होता. लसीवरील 5 टक्के कर मात्र कायम राहिला. कर पूर्ण माफ केल्यास उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही आणि तो बोजा किमतीत मिसळेल, असे अर्थमंत्र्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. निर्यातीच्या मालावर शून्य दर लावून आधी भरलेला कर परत केला जातोच; महामारीच्या औषधांसाठी तशी तरतूद आधीच करून ठेवणे संसदेला अशक्य नव्हते.

तिजोरीची बाजूही विचारात घ्यावी लागेल. महाराष्ट्राने 4 मे 2020 रोजी खात्यांना अर्थसंकल्पातील तरतुदीच्या 33 टक्क्यांपर्यंतच निधी मिळेल असे बजावले, कारण महसूलच आटला होता. वस्तू व सेवा कर स्वीकारताना राज्यांना वार्षिक 14 टक्के वाढीची हमी मिळाली होती. पण ज्याच्यातून त्या हमीची भरपाई द्यायची, त्या उपकराची वसुलीही घसरली. बरीच हुज्जत झाल्यावर केंद्राने दोन वर्षांत अनुक्रमे 1 लाख 10 हजार कोटी आणि 1 लाख 59 हजार कोटी रुपये राज्यांसाठी कर्जाऊ काढले, आणि ते फेडण्यासाठी उपकराची मुदत मार्च 2026 पर्यंत वाढवली. दरम्यान मे 2020 मध्ये कच्चे तेल स्वस्त असताना केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे 10 आणि डिझेलवर 13 रुपये शुल्क वाढवले, आणि जूनपासून महाराष्ट्रानेही आपल्या करात दोन रुपयांची भर घातली. डिझेलवरचा कर भाजीच्या टेम्पोतून सर्वांच्या ताटात येतो, रोजगार गमावलेल्यांच्याही. ज्या वर्षी थोड्या श्रीमंतांकडून अधिक घ्यायला हवे होते, त्या वर्षी सर्वांकडून थोडेथोडे घेतले गेले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

असंघटित कामगारांची देशव्यापी नोंदणी करणारे ई-श्रम संकेतस्थळ 26 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झाले, आणि तेही त्याआधी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर. त्या नोंदीला बँकखाते जोडलेले असले, ती दरवर्षी गावोगाव आणि वस्तीवस्तीत ताजी केली गेली, आणि साथ जाहीर होताच तिच्यातील प्रत्येकाच्या खात्यात ठरावीक रक्कम आपोआप जमा होईल असा कायदा शांततेच्या काळातच झाला, तर पुढच्या वेळी भाड्याने रिक्षा चालवणाऱ्यालाही स्वतःच्या नावाने मदत मागता येईल.